पंचमीचं खुरपं

नागपंचमीच्या दिवशी मी खुरपं चालवलं, हे आमच्या गावात कुणालाही विचारा, सांगतील. कळंबच्या बाजारात कधी न बघितलेली बाईसुद्धा मला त्यावरूनच ओळखते. पण कशावर चालवलं हे सांगायची वेळ आली की सगळ्यांचे पदर तोंडाला लागतात. म्हणून मीच सांगते. मला लाज वाटत नाही.

आमची एकरभर सीताफळाची बाग आहे. नवरा कळंबला कारकून, सकाळी डबा घेऊन मोटरसायकलवर जातो. बाकीची शेती धाकटे दीर बघतात, बाग मी बघते. एका उन्हाळ्यात बोअर आटलं आणि झाडांनी माना टाकल्या, तेव्हा दिरांच्या उसाच्या फडातलं पाचट मी पेटवू दिलं नाही. बैलगाडीनं आणून झाडांखाली गुडघाभर अंथरलं. "वैनीनं बागेला गादी घातली," म्हणून दीर पारावर बसून हसायचे. मी हसू दिलं. गादीखालची माती वैशाखातही ओली राहिली आणि एकही झाड गेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बागेत घाण वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून मी काठीनं पाचट उलथत गेले, तर झाडाच्या बुडाशी ते उभं होतं. वीतभर उंच, पांढरं, पोकळ, शेंड्याला हिरवट काळी चिकट टोपी आणि तिच्यावर माश्याच माश्या. आकार कसा होता? लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मग पायानं त्याच्यावर पाचट ढकललं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी ते आडवं पडून विरघळलं होतं. नंतरही चार-सहा वेळा उगवलं. मी कुणाला एका शब्दानं बोलले नाही, आणि तिथंच चुकले.

त्याच पावसाळ्यात, पंचमी चार दिवसांवर आलेली असताना, खुरपायला पाच बाया लावल्या होत्या. पाचट सारताना एकीच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. ती ओरडली नाही, नुसती उठून बांधावर जाऊन बसली. मी जाऊन बघितलं. लिंबाएवढी पांढरी अंडी, सात-आठ, दाबली की दबणारी. बायांमधली सगळ्यात थोरली, केस पिकलेली, तोंडात कायम तंबाखू, तिनं लांबूनच निकाल दिला.

"सापाची हैत. आमी न्हाय येत बाई उद्यापास्नं."

तिन्हीसांजेच्या आत गावभर झालं. दीर ओसरीवर येऊन बसले.

"वैनी, तुमी गादी घातली, आता नागीण बाळंत झाली तिच्यावर," ते म्हणाले. "पंचमी हुंद्या. दुसऱ्या दिवशी चार गडी लावतो, सगळं पाचट बांधावर वढून काढतो. वाळलं की काडी लावायची."

"आणि झाडं?"

"झाडं परत लावता येत्यात. एखादी बाई डसून मेली तर?"

खोटं नव्हतं बोलत माणूस, म्हणूनच मला जास्त राग आला. बोअरला पाणी नव्हतं, पाचट गेलं की येत्या उन्हाळ्यात बाग गेली. पाच वर्षांची झाडं, आत्ता कुठं धरायला लागलेली. शिवाय गाव म्हणणार, बाईनं शेती केली, बघा काय झालं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बागेत गेले आणि एक अंडं हळूच उचललं. खालून त्याला दोऱ्यासारखं पांढरं मूळ होतं, मातीत गेलेलं. साप काही मूळ लावून अंडी घालत नाही, एवढं मला कळत होतं. तिथंच चिरून बघावंसं वाटलं. पण एकटीनं चिरलं असतं तर पिल्लू लपवलं म्हणाल्या असत्या. बाया बागेत पाय ठेवायला तयार नव्हत्या. सगळ्या एका जागी येणार त्या पंचमीलाच, कारण वारूळ आमच्या बांधाला आहे.

आणि पंचमीला तर काही चिरायचं नाही. विळीला हात लावायचा नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. नाग म्हणजे भाऊ. आदल्या दिवशी भावासाठी उपास करायचा, त्या दिवशी दूध-लाह्या घेऊन वारुळाला जायचं. उपास मीही केला होता. फक्त मला एक कळत नव्हतं, आज भाऊ म्हणून पुजायचा आणि उद्या त्याच्या अंड्यांना काडी लावायची, हे कोणत्या शास्त्रात बसतं.

वारुळापाशी फुगड्या चालल्या होत्या. दीर बांधावर उभे राहून एका गड्याला उद्या कुठून सुरुवात करायची ते दाखवत होते. मी बागेतून आले. एका हातात पळसाच्या पानावर अंडं, दुसऱ्या हातात खुरपं. सासूबाईंनी आधी बघितलं.

"खाली ठिव ते खुरपं."

"ठेवते, काम झालं की."

फुगड्या थांबल्या. मी खाली बसले, पान सगळ्यांना दिसेल असं मधे ठेवलं आणि म्हणाले, "यातनं पिल्लू निघालं तर पाचट मी माझ्या हातानं पेटवीन." बोलायला बोलले, पण मुळावर माझा भरवसा होता तो दोन आणे. खरंच पिल्लू निघालं असतं तर पंचमीला भावाचं लेकरू मारणारी बाई म्हणून मी मरेपर्यंत या गावात वावरले असते. मी खुरपं टेकवलं आणि दाबलं.

रक्त आलं नाही. अंड्याची दोन भकलं झाली. कडेला घट्ट चिकासारखं काहीतरी, त्याच्या आत हिरवट काळं कडं, आणि मधोमध पांढरं, बोटाच्या पेराएवढं, दाबून बसवलेलं ते. शेंड्याला टोपीसकट.

थोरली बाई पुढं झाली, वाकली, निरखून बघितलं आणि तंबाखू बाजूला थुंकली.

"अगं, हे तर त्येच की. पाचटातलं."

"त्येच म्हंजे कोन्तं?" एका नव्या सुनेनं विचारलं.

"घरी जाऊन नवऱ्याला इचार."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. एकेक कबूल व्हायला लागली. एकीनं गेल्याच महिन्यात पाहिलं होतं, एकीनं आषाढी एकादशीला, माझ्या धाकट्या जावेनं तर दोनदा. सगळ्यांनी इकडंतिकडं बघून पायानंच पाचट ढकललं होतं. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी सापाचं नाव निघालं नसतं.

"काय निगालं?" दिरांनी बांधावरून विचारलं.

"या की, बगा," थोरली म्हणाली. "तुमच्या वळखीचंच हाय."

ते आले, वाकून बघितलं, कानापर्यंत लाल झाले आणि गड्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुणी पाचट ओढायला आलं नाही. खुरपायला मात्र पाचही जणी हजर होत्या.

लातूरला शिकणाऱ्या लेकीला मी फोटो पाठवला. ती म्हणाली, ही बुरशी आहे, इंग्रजीत स्टिंकहॉर्न म्हणतात, कुजणाऱ्या पाल्यात येते आणि त्याचीच माती करते. वास माश्यांसाठी, माश्या तिचं बी नेतात. तेव्हापासून मला ती कुठंही दिसते, नदीकडच्या बांबूच्या बेटात, उकिरड्याच्या कडेला. आमच्या बायांनी तिला स्वतःचं नाव ठेवलंय, ते मी इथं लिहीत नाही.

पण खुरपं गाव विसरलं नाही. सासूबाई त्या दिवशी माझ्या हातचं जेवल्या नाहीत. आणि भादव्यात मी पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. उजवं, खुरप्याचंच. गावाला आयतंच मिळालं. पायरीवर शेवाळ होतं आणि ते घासायचं काम माझंच राहिलं होतं, हे कुणी ऐकेना.

सीताफळं उतरायला लागली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. त्या उन्हाळ्यात जगवलेली झाडं वाकली होती. मी बागेत पाचटावर बसून डाव्या हातानं फळं क्रेटमध्ये लावत होते. धाकटी जाऊ शेजारी बसली. भोळी आहे, मनात काही नसतं.

"ताई, आता तरी पटलं का?"

मी हातातलं फळ क्रेटमध्ये ठेवलं आणि डावा हात तिच्यापुढं धरला.

"हा हाय की अजून," मी म्हणाले. "पुढच्या पंचमीला."