कागदाची उजवी बाजू

नसरीनचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकता चहा टाकला होता. पलीकडून तिने आधी इंग्रजीत माझं नाव नीट विचारून घेतलं, मग अडखळत मराठीत म्हणाली, "आंटी, अब्बा गेले. मंडेच्या रात्री. झोपेतच." हुसेनचाचा मस्कत सोडून गुहागरजवळच्या आपल्या गावी परतले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्या कपाटात एक जाड वही सापडली, तीत नावं आणि फोन नंबर आहेत, त्यातल्या सगळ्यांना ती एकेक करून कळवत होती. माझ्या नावापुढे अब्बांनी मराठीत काहीतरी लिहिलंय, पण तिला ते अक्षर लागत नव्हतं, असंही ती म्हणाली. नसरीन मस्कतच्याच इंडियन स्कूलमध्ये शिकलेली, तिचं मराठी घरात बोलण्यापुरतं. पानाची झेरॉक्स पाठव, एवढंच मी कसंबसं म्हटलं. चहा उतू गेला होता.

त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं असेल याची मला धास्ती वाटली, हे कबूल करायला हवं. कारण या माणसाला मी एकदा नको ते बोलले होते, आणि त्यानंतर पंधरा वर्षं मस्कतमध्येच राहूनही माफी मागितली नव्हती.

लग्न होऊन मी पुण्याहून आले ती मस्कतमधल्या दार्सैतला, कृष्णमंदिराच्या उतारावरच्या दोन खोल्यांत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सुहास एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. पुढे वर्षभराने माझा पासपोर्ट नवा झाला, त्यावर व्हिसा उतरवून घ्यायचा होता आणि अर्ज अरबीतून टाइप केलेला लागायचा. म्हणून सुहासने मला रुवीतल्या एका टायपिंगच्या दुकानात नेलं. तीन टेबलं, कुरकुरणारा एसी, आणि कोपऱ्यात डोळ्यांजवळ कागद धरून बसलेले, मेंदी लावलेल्या दाढीचे हुसेनचाचा. गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, अरबी मदरशात आणि पुढे इथे पोट भरता भरता. माझा जुना व्हिसा त्यांनी वाचला आणि आधी खो खो हसले. मग कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"बाय, तुजा घो तुजा बापूस झालाय," ते म्हणाले.

इथल्या सरकारी कागदाला दोन बाजू असतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. डावीकडे माझ्या नावाखाली 'वाइफ' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही वर्षभर निर्धास्त होतो. उजवीकडे मात्र 'बिंत' होतं, म्हणजे मुलगी. चूक कुणाची म्हणावी? आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावात मधोमध नवरा येऊन बसतो. मेधा सुहास पाटील. अरबांच्या रिवाजात आपल्या नावापुढचं नाव बापाचं, आणि बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. पहिला अर्ज भरणाऱ्याने नाव वाचलं, मधला सुहास पाहिला आणि मला सुहासची लेक करून टाकलं. त्यातून पाटील. अरबीत 'प' नाही, तेव्हा आम्ही सगळे बातील. चाचांनी मला कागदावर दोन 'त' काढून दाखवले, एक पातळ, एक जाड. पातळ 'त' घातला तर नुसतं आडनाव, जाड घालून मधली 'ई' गाळली तर त्याचा अर्थ रद्दबातल. "एका अक्षरात तू कॅन्सल," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले.

सुहासने ते थट्टेवारी नेलं. आठवडाभर तो मला "बेटा, जेवलीस का" म्हणत होता. दुरुस्ती करायची तर पुण्याहून लग्नाचा दाखला मागवा, त्याचं अरबी भाषांतर करा, त्यावर शिक्के घ्या, कंपनीचं पत्र आणा, आणि उन्हात पासपोर्ट ऑफिसच्या फेऱ्या मारा. इंग्रजीत बरोबर आहे ना, मग चालतंय, असं आम्हा दोघांचंही मत पडलं. चाचा ऐकेनात. नवा अर्ज तसाच चुकीचा टाइप करायला त्यांनी चक्क नकार दिला, म्हणून आम्ही त्या फेऱ्यांना लागलो. तिसऱ्या फेरीला कुठलातरी शिक्का कमी पडला म्हणून कागद परत आले, आणि मी दुकानात सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, "चाचा, तुम्हाला कामं मिळत राहावीत म्हणून हे चाललंय सगळं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि मशीनमध्ये नवा कागद सरकवला. टाइप करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुखाच्या दिवसांत डावी बाजू चालते गो बाय. अडचणीच्या दिवशी ते उजवीच वाचतात."

कागद झाला. 'बिंत'च्या जागी 'जौजा' आलं, जौजा म्हणजे बायको. पुढे चाचांकडे आमचं जाणंयेणं वाढलं. ईदला त्यांच्याकडून सांदणं यायची, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जायच्या, आणि चकल्या कडक झाल्या की निरोपही यायचा. माझ्या हट्टाखातर त्यांनी मला अरबी मुळाक्षरं शिकवली. दुकानांच्या पाट्या मी मोठ्याने वाचायचे आणि सुहास हात जोडायचा. त्या बोलण्याचा विषय चाचांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. आज सांगू, उद्या सांगू… माणसं समोर दिसत असतात तोवर उद्यांना तोटा नसतो.

लग्नाला बारा वर्षं होत आली होती तेव्हा सूर शहराच्या रस्त्यावर सुहासची गाडी उलटली. साइटवरून परत येत होता, जागीच गेला. हॉस्पिटलच्या एका खोलीत टेबलामागे एक तरुण अधिकारी मृतदेह ताब्यात देण्याचे कागद घेऊन बसला होता, त्याच्यापुढे मी माझा पासपोर्ट ठेवला. त्याने पान उघडलं. डावी बाजू त्याने पाहिलीसुद्धा नाही. त्याचं बोट उजवीकडून सरकत आलं आणि एका शब्दावर थांबलं. "जौजा?" त्याने हळूच विचारलं. मी मान हलवली. तो खुर्चीतून उठला, मला बसायला दिलं, पाण्याची बाटली उघडून हातात दिली. मग कुठेही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पुण्यात त्याच्या आईने सुहासला शेवटचं पाहिलं. तिथे 'बिंत' असतं तर मला किती दिवस आणि कुणाकुणापुढे सिद्ध करत बसावं लागलं असतं, की हा माझा नवरा आहे, याचा विचार आजही करवत नाही.

महिन्याने परत आले. शाळेत नोकरी होती म्हणून स्वतःच्या व्हिसावर राहता येणार होतं, त्याचा अर्ज टाइप करायला पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसले. चाचा चौकटीमागून चौकट भरत गेले आणि एका चौकटीशी त्यांची बोटं थांबली. मग पाच अक्षरं दाबली, कागद काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. पण अक्षरं त्यांनीच मला शिकवली होती ना… कागद उलटून मी एकेक अक्षर लावत वाचलं, अरमला. विधवा. "काय लिवलंय ता नको वाचू गो," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मेंदीच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मला रडूच आवरेना.

मग मी स्वस्तात मिळालं म्हणून माबेलाला भाड्याने घर घेतलं, रुवी लांब पडली. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, टायपिंग कॉम्प्युटरवर गेलं. ते कायमचे गावी निघाले तेव्हा शाळेची परीक्षा होती. फोनवर बोललो. "इन्शाल्ला, गावाला ये आंबे खायला," ते म्हणाले. मी येते म्हटलं.

नसरीनचं पाकीट परवा आलं. वहीचं एक पान. प्रत्येक मराठी नाव आधी देवनागरीत, समोर अरबीत, कुणाचा 'ळ' कसा लिहायचा, कुणाचा 'च' कसा, याच्या खुणा. नोकरी बदललेल्यांची, घर बदललेल्यांची ओळ खोडून नवी लिहिलेली. चौथ्या ओळीत मी आहे. मेधा सुहास पाटील, पातळ त. दार्सैत खोडून माबेला केलंय. आणि शेजारी, नसरीनला न लागलेलं ते बारीक, शाळकरी वळणाचं अक्षर: 'माझ्यावर रागावली. रागवू दे. कागद झाला.'

नावासमोर अरबीत जौजा लिहिलंय. पत्ता बदलताना त्यांनी तीच ओळ पुन्हा हाताळली होती, आणि तोवर सुहासला जाऊन दोन वर्षं झाली होती. पान मी खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं. तो एक शब्द त्यांनी खोडलेला नाही.