बुरुलसाठी एक ट्राउट

इशेनकुलला मासे धरता येत नाहीत असं आमच्या गावात कोणीही म्हणणार नाही. धरलेला मासा घरापर्यंत नेणं मात्र त्याला आयुष्यात जमलं नाही. रस्त्याकडेच्या टपरीत तो टायरची पंक्चरं काढायचा, आणि हात मोकळे झाले की गळ घेऊन ओढ्याच्या मुखाशी जाऊन उभा राहायचा. डोंगराचं पाणी तिथे इसिक-कुल सरोवराला मिळतं. उन्हाळ्यात टपरीला कुलूप लावून हा वरच्या तळ्यांवर जायचा. बायकोचे पितळी चमचे कापून, घासून त्याने चकाकत्या पत्र्या केल्या होत्या, त्या गळाला लावायचा. ट्राउट मासे त्यांना फसायचे.

आम्ही मेंढ्या राखणारे लोक. आमच्या आजोबांनी माशाला कधी अन्न म्हटलं नाही. पण फुकटचा ट्राउट कोण सोडतो? शिकार घेऊन परतणाऱ्या माणसाला वाटेत कोणी 'शिरालगा!' म्हटलं, की शिकाऱ्याने हातातलं देऊन टाकायचं, ही आमची जुनी रीत. ती हरणाला, तितराला लागू. माशाचं त्यात कोणी नाव घेतलं नव्हतं. इशेनकुलने ती आपण होऊन माशाला लावून घेतली आणि साऱ्या गावाला चंगळ झाली.

"शिरालगा, इशेन आके!" माझी दुधाची गाडी थांबवून मी ओरडायचो. तो मला मोठ्या भावासारखा, म्हणून आके.

"घे रे मुकाश, तो मोठा घे. तुझ्या घरात खाणारी तोंडं जास्त." देताना त्याचं तोंड असं फुलायचं, की जणू त्यालाच काहीतरी मिळालंय.

घरी त्याची बायको बुरुल, मला मोठ्या बहिणीसारखी म्हणून एजे, रिकामी पिशवी उलटी करून झटकायची. "चमचे गेले माझे, मासे गेले गावाचे. मला मेलीला काय, तर धुवायला वास मारणारी पँट!" आणि तीच पहिली हसायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. दोघं असं भांडत-हसत म्हातारी होत चालली होती आणि त्यांचं बरं चाललं होतं.

मग बुरुल एजेच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं, परत शिवलं आणि घरी न्या म्हणाले. शरद ऋतू लागला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मेंढीचा रस्सा पोटात ठरेना, दही ठरेना. तिची बहीण सालामात वाटी घेऊन बसायची आणि तशीच उठायची. एक दिवस बुरुल एजे नवऱ्याला म्हणाली, "सगळ्या गावाने तुझा ट्राउट खाल्ला. मला एकदा आणून दे. तेवढा खाईन बघ मी."

झालं. इशेनकुलने टपरीकडे पाहणंच सोडलं. पहाटे जायचा, काळोख पडता पडता यायचा. त्या दिवसांत ट्राउट अंडी घालायला ओढ्यात चढतात, तरी त्याला काही मिळेना. घाई करत असेल. घाई करणाऱ्याला मासा लागत नाही म्हणतात, मला काय कळतंय त्यातलं.

शेवटी एक मिळाला. चांगला हातभर. आणि पुलावर त्याला म्हातारा बेकतेमिर घोड्यावर भेटला. उन्हाळाभर कुरणात राहून तो त्याच दिवशी खाली उतरत होता, त्याला बुरुलचं काही ठाऊक नव्हतं.

"शिरालगा, बाळा!" म्हातारा म्हणाला.

आणि ह्या गाढवाने मासा दिला.

मला कळलं तेव्हा मी त्याला रस्त्यात गाठून त्याच्यावर तोंड सोडलं. "दातखीळ बसली होती का तुझी? बायको मरायला टेकलीय म्हणून सांगायचं! म्हातारा काय राक्षस आहे?"

"तो हात वर करून आशीर्वाद देत होता, मुकाश," इशेनकुल खाली बघत म्हणाला. "अशा वेळी रीत मोडली आणि तिला काही झालं तर? मी मग काय करू?"

"आणि ती काय म्हणाली?"

"पुन्हा दिलास, एवढंच म्हणाली. मग भिंतीकडे तोंड केलं."

त्याला आणखी बोलावं असं मला वाटेना. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाण्यावर गेला. दुपारी सालामात धावत माझ्या दारात आली. "चल लवकर. ती त्याला विचारतेय." मी गेलो. बुरुल एजेचे डोळे उघडे होते, नाक धारदार झालं होतं. मला ओळखलं तिने.

"मुकाश, त्याला बोलाव," ती म्हणाली. शब्द मोजून बाहेर पडत होते. "मासा नको म्हणावं. नुसता ये म्हणावं."

मी गाडी पुलापर्यंत पळवली. पुढे चाक जात नाही. मी पुलाजवळ उतरलो, टोपी काढून हलवली, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. "इशेन आके! नुसता ये! ती बोलावतेय!" सरोवरावरून वारा असा सुटला होता की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. कोणी दिसलं नाही. ओढ्याच्या काठाने मी मुखापर्यंत पळत गेलो. तिथे त्याच्या बुटांचे ओले ठसे होते, दगडावर खवले होते. म्हणजे मासा मिळाला होता आणि हा निघालाही होता. मला वाटलं, चुकामूक झाली, एव्हाना पोचला असेल. धापा टाकत परत आलो.

तो पोचला नव्हता. गल्लीतच मला बायकांचा आक्रोश ऐकू आला. सालामात म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

इशेनकुल आला तो घरामागच्या टेकडीवरून, कबरस्तानाच्या बाजूने. त्या बाजूने कोणी येत नाही, दुप्पट वाट पडते. पँट काट्यांनी फाटली होती, कोट पुढून ओला होता आणि एक हात कोटाच्या आत. आक्रोश ऐकून तो अंगणातच थांबला. मी पुढे गेलो.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"आत्ताच. होतास कुठे तू?"

"मी तुला बघितलं," तो म्हणाला. "पुलाजवळ. टोपी हलवत होतास. मी काटेरी झुडपात बसून राहिलो, तू निघून जाईपर्यंत. मला वाटलं, तू मागशील. मागितलं असतंस तर मला द्यावा लागला असता. मग टेकडीवरून आलो, कोणी भेटू नये म्हणून."

राग आला होता, त्याचा, रीतीचा, वरच्याचा, कोणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

"काय ओरडत होतास?" त्याने विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. "मासा नको म्हणाली. नुसता ये म्हणाली."

"नुसता ये, म्हणाली?"

"हो."

आत सालामातचा आवाज चढत होता. मग त्याने कोटाची बटणं सोडली आणि ट्राउट बाहेर काढला. पाठीवर काळे ठिपके, अजून ओला.

"घे," तो माझ्यापुढे धरून म्हणाला. "वाटेत तूच भेटला होतास."

मी मागितला नव्हता. तरी तो मला दोन्ही हातांनी घ्यावा लागला.