कोरडं बेअरिंग आणि माझा डावा गुडघा

जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यात सुई खुपसली आणि सिरिंजभर पिवळं, गढूळ पाणी काढलं. म्हशी बसतात ते डबकं त्यापेक्षा बरं. मी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी मात्र त्यातला थेंब हातमोज्याच्या दोन बोटांत धरून बोटं लांब केली. थेंब टपकन गळाला.

"तार धरत नाही," ते म्हणाले. "चांगल्या गुडघ्यातलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जातं."

मला शेंबूडच आठवला. गुडघे फुगलेल्यांसाठी हे लिहितोय. जेवायला बसला असाल तर आधी हात धुऊन या.

मी ऑइल इंजिनाचा मिस्त्री. बहात्तरच्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, तशी इंजिनंही पायऱ्या उतरून खाली गेली. वाटूरजवळ अशाच एका विहिरीच्या शेवाळल्या पायरीवरून घसरलो. तीन दिवसांत गुडघा कलिंगडाएवढा झाला. पाहुणे आधी त्याची खुशाली विचारत, मंग माझी.

आमच्या धंद्यात कोरडं बेअरिंग चालवत नाहीत, जॅम होतं. तोच कायदा मी पायाला लावला. दोन फळ्यांत पाय बांधला, वर एरंडेलाच्या चिंध्या गुंडाळल्या आणि दोन महिने खाटेवर पडलो. तेल आत मुरेस्तोवर पट्टी सोडायची नाही, हा हुकूमही माझाच.

तेल खवट झालं. चिंध्या कातडीला चिकटल्या. मुंगळे खाटेच्या पायावरून रांगेने चढत. वास असा, की फाट्यावरची एसटी प्रवासी न घेताच पळायची.

बायको गया नाकाला पदर लावून ताट लांबूनच सरकवी. "अवो, पाय हाय का इंजन? उठा की जरा!"

"कोरडं चालवलं तर जॅम होईल."

"मंग आता काय व्हायचं राह्यलंय? वाकून राह्यला का गुडघा?"

गुडघा वाकत नव्हता. तिनंच मला गाडीत घालून जालन्याला आणलं. चिंध्या कापताना कंपाउंडर दोनदा बाहेर जाऊन आला. आतून निघालेली पांढरी, सुरकुतलेली कातडी पाहून मला स्वतःचीच किळस आली.

"विहिरीत उतरता येईल का?" सुई निघाल्यावर मी विचारलं. दुसरा धंदा मला येत नाही.

"आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. मंग त्यांनी समजावलं. हाडांच्या टोकांवर कार्टिलेज असतं, म्हणजे कुर्चा. पाण्यानं भरलेला गुळगुळीत थर. वजन पडलं की त्यातून पाणी पाझरून वर येतं, वजन उठलं की परत आत शोषलं जातं. सोबतीला सायनोव्हियल फ्लुइड, म्हणजे सांध्यातला बुळबुळीत रस. त्यावर हाडं अशी सरकतात, की बर्फावर बर्फही तसा सरकत नाही. सूज आली की हा रस पातळ होतो.

"कुर्चेत रक्त जात नाही, मिस्त्री. सांधा हलला तरच तिला खायला मिळतं. तुमच्या इंजिनाला आधी वंगण, मग चाल. इथं चालणं हाच वंगणाचा पंप. तो तुम्ही दोन महिने बंद ठेवलात."

"आणि एरंडेल?"

"कातडीवरच राहिलं. मुंगळ्यांची सोय झाली."

गोळ्या सुरू झाल्या. रोज खाटेच्या काठावर बसून पाय हलवायचा. आतून ओला करकर आवाज यायचा आणि मला मळमळायचं. गया समोर बसून म्हणे, "वकायचं तर वका, पर पाय थांबवू नका."

दीड महिन्यानं परत सुई. या खेपेला थेंब दोन बोटांमध्ये लोंबला, इंचभर ताणला. शेंबडासारखाच, ओंगळ. सोन्याची तार पाहूनही मला एवढा आनंद झाला नसता.

तेव्हा फुगलेला गुडघा बांधून ठेवू नका, डॉक्टरला दाखवा आणि तो सांगेल तसा हलवा. मी त्या रसाला अजून नाक मुरडतो, पण रोज त्याचे आभारही मानतो.

बरा झाल्यावर पहिल्यांदा विहिरीत उतरलो तेव्हा गया काठावर उभी होती. एकोणतीस पायऱ्या. खाली इंजिनापाशी उकिडवा बसलो, गुडघा पुरा दुमडला.

"दुखून राह्यलं का?" ती वरून ओरडली.

दुखत नव्हतं, पण विहिरीत हुंदकासुद्धा वरपर्यंत घुमतो. म्हणून मी आधी इंजिन चालू केलं.