उरलेलं सीरम

चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या त्या कुत्र्याला नाव नव्हतं. आई त्याला नुसतं ‘रे’ म्हणायची आणि तो यायचा. मी बोलावलं तर ढुंकूनही बघायचा नाही, कारण सुई टोचून रक्त काढणारी मी.

भटक्या कुत्र्यांत एकाकडून दुसऱ्याला लागणारी कॅन्सरची गाठ असते. त्यालाही झाली होती. इंजेक्शनांनी ती विरली आणि पुन्हा आली नाही. माझ्या लॅबमध्ये आम्ही त्याच गाठीचं एक प्रथिन शोधत होतो, जे फक्त गाठीवर असतं, निरोगी पेशींवर नसतं. बऱ्या झालेल्या कुत्र्यांचं सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, ते ओळखू शकतं. बाकीच्यांचं नुसतं चाचपडायचं. आमच्या या उनाडाचं थेट जाऊन चिकटायचं. मला त्याचा कोण अभिमान!

नंतर त्याच्या किडन्या गेल्या. आईने चमच्याने पेज भरवली, तीही बाहेर आली. तो गेल्यावर ती जेवेना, तेव्हा मीच बोलून गेले, “अगं, त्याचं सीरम आहे माझ्याकडे. फ्रीजरमध्ये.”

झालं! तेव्हापासून मी चप्पल काढायच्या आत आईचा प्रश्न, “आसा मां गो?”

“आहे गं बाई.”

आधी मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं, कारण दर प्रयोगाला त्यातलं थोडं थोडं लागत होतं. शेवटी प्रथिन नुसतं ओळखून भागणार नव्हतं, वेगळं काढायचं होतं, आणि त्याला उरलंसुरलं सगळं लागणार होतं. दुसऱ्या कुत्र्यांचं वापरून पाहिलं, काही हाती लागलं नाही. नळी हातात धरून मी बराच वेळ बसले. मला ते ओतायचं नव्हतं. ओतलं.

प्रथिन निघालं. जेलवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या पातळ थरावर, एकच निळी रेघ, स्वच्छ. लॅबमध्ये पेढे आले. आनंद झालाच, पण माझ्या वाट्याचा पेढा मी बॉक्समध्येच राहू दिला.

घरी आईने विचारलं, “आसा मां?”

मी मोबाइलवर त्या रेघेचा फोटो दाखवला. म्हटलं, “संपलं आई. पण त्याच्यामुळे हे सापडलं. उद्या कदाचित याची लस होईल.”

तिने चष्मा लावून पाहिलं. त्याला दोन कानांच्या मध्ये कुरवाळायची, तसं एक बोट रेघेवरून फिरवलं. फोटो सरकला आणि पुढचा आला, पेढ्यांच्या बॉक्सचा.

“मगे आता तो खरोच गेलो,” ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.