पापडखारातला राघू

पुंजाराम दोंदे गंगापूर रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात ड्रेसर होता. जखम धुवायची, मलम लावायचं, पट्टी बांधायची, हे त्याचं काम. टाके घालून झाले की डॉक्टर हात धुवायला जायचे आणि पुढचं सगळं पुंजारामच्या बोटांवर सोडून द्यायचे. त्याची पट्टी कधी सैल पडायची नाही आणि कधी रुतायचीही नाही. सिन्नरकडून यंत्रात बोट सापडलेला कुणी आला, तर दारातूनच विचारायचा, "पुंजाराम हाय ना?"

माणूस अबोल. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडायचा नाही. १९७६ च्या पावसाळ्याच्या शेवटी अशीच एक गोष्ट शिरली. पेपरात बातमी होती की इजिप्तच्या एका राजाला उपचारासाठी विमानाने पॅरिसला नेलं, आणि विमानतळावर सैनिकांनी त्याला मानवंदना दिली. राजाचं नाव रामसेस. त्याला मरून तीन हजारांहून जास्त वर्षं झाली होती.

पुंजाराम पेपर घेऊन डॉक्टरांकडे गेला. "साहेब, मेलेल्या माणसावर उपचार कसले?"

"बुरशी लागली त्याला," डॉक्टर हसून म्हणाले. "ममी आहे ती. मसाला भरून, पट्ट्या गुंडाळून ठेवलेला देह."

"पट्ट्या?" पुंजाराम म्हणाला. "कुणी बांधल्या?"

त्या 'कुणी'पासून सगळं सुरू झालं. तुझ्यासारख्याच माणसांनी, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी घरून एक जुनं सचित्र पुस्तक आणून दिलं. इंग्रजी पुंजारामला जेमतेम कळायचं. दुपारी पेशंट नसले की डॉक्टर चहा घेता घेता एखादं पान सांगायचे आणि तो ऐकायचा. मेंदू नाकातून आकड्याने काढायचे. डाव्या कुशीला चीर देऊन आतडी काढायचे. काळीज मात्र जागच्या जागी ठेवायचे, कारण मेल्यानंतर देवापुढे ते काळीज तराजूत घालून पिसाशी तोलायचं असे. पापाने जड झालेलं काळीज एक राक्षसीण खाऊन टाकी. मग तो देह एका खारात पुरून ठेवायचे, सगळं पाणी आटेपर्यंत. सुकलेल्या तळ्यातून खणून काढलेला खार. त्यात सोडा असे, मीठ असे.

"म्हणजे आपला पापडखारच की," पुंजाराम म्हणाला.

"बराचसा तसाच," डॉक्टर म्हणाले.

आता पुंजारामच्या घरी एक पोपट होता, राघू. त्याची बायको यशोदाबाई हिने तो पिल्लू असल्यापासून वाढवलेला. दारात कुणी आलं की राघू मान वाकडी करून "जय भीम" म्हणायचा. शेजारचे झुंबरमामा पिंपळगावच्या शाळेत शिक्षक होते आणि आता पेन्शनीत होते. त्या 'जय भीम'साठी ते रोज सकाळी एक चक्कर मारायचे. पोरंबाळं नसलेल्या त्या घरात राघूचीच काय ती बडबड. त्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी राघू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला.

यशोदाबाईने त्याला पदरात घेतलं, त्याची विस्कटलेली पिसं सारखी केली. मग म्हणाली, "नाल्याकडंच्या बाभळीखाली नीट पुरून या. कुत्रं उकरंल, खोल खांदा."

पुंजाराम राघूला घेऊन निघाला आणि बाभळीपर्यंत पोचलाही. पण हातातलं ते हिरवंगार पाखरू मातीत टाकायला हात होईना. आणि खरं सांगायचं तर डोक्यात पुस्तकाची पानं फडफडत होती. तो तसाच मागे फिरला, मागच्या पडवीत बसला आणि दवाखान्यातल्या सफाईने त्याने राघूची डावी कूस उघडली. काळीज आतच ठेवलं. धुण्याचा सोडा, खायचा सोडा, मीठ आणि बायकोच्या डब्यातला पापडखार त्याने एकत्र केला आणि राघूला एका पत्र्याच्या डब्यात पुरून डबा माळ्यावर ठेवला. यशोदाबाईने विचारलं तेव्हा, "झालं," एवढंच म्हणाला.

खार ओला झाला की बदलायचा. ती पाणी भरायला नळावर गेली की तो माळ्यावर चढायचा. वास येईल म्हणून तो धास्तावला होता, पण वास आला नाही. राघू हलका होत गेला, सुकत गेला, पिसं मात्र हिरवीच राहिली. शेवटी पुंजारामने जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या आणि डोकं तेवढं उघडं ठेवून त्याला असं गुंडाळलं, की आयुष्यात तसं ड्रेसिंग त्याने केलं नव्हतं.

होळी झाली, उन्हं तापली, पापडांचे दिवस आले. यशोदाबाई खाराचा डबा शोधत माळ्यावर चढली. पुंजाराम दवाखान्यातून परतला, तेव्हा ती खाली फरशीवर बसली होती आणि पुढ्यात राघू.

"पुरला म्हणाला होतात."

"झालं म्हणालो होतो," पुंजाराम पुटपुटला. स्वतःलाच ते उत्तर लंगडं वाटलं.

"माझ्याशी खोटं बोलायची काय गरज होती?" तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिने पाठमोरीच विचारलं, "त्याचे डोळे कसे काय ऱ्हायले?"

पुंजारामने पाट ओढला आणि सगळं सांगितलं. राजा, खार, पट्ट्या, तराजू. सांगता सांगता म्हणाला, "त्यांच्यात माणसाच्या जिवाला पाखराचं रूप असतं. धड पाखराचं, तोंड माणसाचं. दिवसभर हिंडतं आणि परत आपल्या देहापाशी येतं. म्हणून देह टिकवायचा, नाहीतर त्याला घर सापडायचं नाही."

यशोदाबाईचा हात थांबला. "तोंड माणसाचं? आपल्या पाखराची वाणी माणसाची होती."

तव्यावरची भाकरी करपली, पण त्या दिवशी कुणी कुरकुरलं नाही.

वस्तीत मात्र कुजबुज सुरू झाली. पुंजारामने घरात मुडदा ठेवलाय म्हणे, काही करणी वगैरे असेल. झुंबरमामा तडक आले. "पुंजाराम, आपण देवदेव सोडले, गंडेदोरे सोडले आणि तू घरात मढं पुजतोस?"

"पुजत नाही मामा, बघतोय," पुंजाराम म्हणाला.

"काय बघतोस?"

"की असं होतं का. पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे का."

मामांनी चष्मा पुसला आणि राघूकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या धम्मात आत्माही नाही आणि काही टिकतही नाही, सगळं अनित्य. पण त्या लोकांनी टिकवायचा खटाटोप मोठा केला बुवा." जाताना वस्तीतल्या चार घरी थांबून त्यांनीच सांगितलं की करणीबिरणी काही नाही, विज्ञान आहे.

पाऊस लागला आणि अनित्याने आपलं म्हणणं खरं करून दाखवलं. सर्दाळ हवेत पट्ट्या ओलसर झाल्या, पिसांत कसर शिरली, मानेवर पांढरी बुरशी आली. पुंजारामने पुन्हा खार लावला, उन्हाची वाट पाहिली, पण ऊन पडेना. "रामसेसला हेच झालं असणार," तो डॉक्टरांना म्हणाला. "तिकडच्या कोरड्या वाळूत होता तोवर ठीक होता. माणसांत आणून ठेवला आणि नासायला लागला."

शेवटी तो राघूला पुरायला निघाला. या वेळी यशोदाबाई त्याच्याबरोबर बाभळीपर्यंत गेली. खड्डा तिनेच खणला.

मात्र घरातलं इजिप्त तिथे संपलं नाही. ते आता यशोदाबाईकडे गेलं. वस्तीतल्या बायका पापड लाटायला एकत्र बसल्या की, "यशोदाबाई, त्या राजाचं सांगा," अशी फर्माईश व्हायची. तिची आवडती गोष्ट त्या राणीची होती, जी स्वतः गादीवर बसली आणि राजांसारखी खोटी दाढी लावून मिरवली. "दाढीबिगर कुणी ऐकंना, मग लावली," ती म्हणायची आणि लाटणी थांबवून बायका हसायच्या. पुंजाराम दारामागे बसून ऐकायचा. ती कुठे चुकली तरी मध्ये बोलायचा नाही; तिची गोष्ट त्याच्यापेक्षा चांगली व्हायची.

पुढे पुंजाराम रिटायर झाला. ८७ साल असेल, म्हाताऱ्या झालेल्या डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. पॅरिसला नेलेल्या त्या राजाच्या नाकात काय सापडलं होतं, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. काळे मिरे. नाकाचा आकार टिकावा म्हणून भरले असावेत. आणि मिरे तर त्या काळी दक्षिण हिंदुस्थानातच पिकायचे.

पुंजाराम रिक्षाची वाट न बघता चालतच घरी आला, इतकी त्याला घाई झाली होती. यशोदाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं.

"आपलं मिरं?" ती म्हणाली. "राजाच्या नाकात?"

"हो."

"तीन हजार वर्षांमागं?"

"हो ना."

तिने सूप खाली ठेवलं. "पण मग इथून तिथवर नेलं कुणी?"

पुंजारामला ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं, त्याने विचारलं होतं. तो तिच्या शेजारी ओट्यावर टेकला आणि दोघं जण अंदाज बांधू लागली: गलबत असेल, उंट असेल, एका हातातून दुसऱ्या हातात गेलं असेल. नेणाऱ्याला तरी ठाऊक असेल का, की हे कुणाच्या नाकात जाणार आहे?