बाळासोनं म्हैस गोरी केली

आमच्या घराखालच्या गाळ्यात बाळासोचं फ्लेक्सचं दुकान आहे. बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत तो एकच विद्या शिकला: माणूस गोरा करणं. पेठेतल्या कुणाचाही वाढदिवस असो, चौकातल्या फ्लेक्सवर तो खडूसारखा पांढरा. चेहरा निवडतो, उजेड चढवतो, कान विसरतो. निम्मी पेठ काळ्या कानांची झाली, पण तक्रार एकाचीही नाही. लोकही त्याच लायकीचे.

फोटोत हवा तेवढाच भाग निवडून उजेड कमी-जास्त करायला संगणकात मास्क असतो. बाकीचा फोटो जागचा हलत नाही. आमचे हे घरी फोटो धुवायचे तेव्हा पुठ्ठ्याचा तुकडा उजेडाखाली हलवून हेच करायचे. हात क्षणभर थांबला तरी कडा उमटायची. बाळासोला कडा उमटली काय, भिंत उभी राहिली काय, सारखंच.

दिवाळीच्या पाडव्याच्या दोन दिवस आधी केरबा गवळी आला. पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक असते. तेल लावून काळ्या कुळकुळीत केलेल्या, शिंगं रंगवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं धावतात. केरबाची म्हैस यंदा पहिल्यांदाच उतरणार होती, म्हणून तो जिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध पाजतो त्या दूध कट्ट्यावर तिचा फ्लेक्स हवा होता. फोटो घाटावर सूर्य मावळताना काढलेला, केरबाचा हात म्हशीच्या मानेवर. म्हशीचं तोंड म्हणजे नुसता काळा ठिपका, डोळा कुठं ते कळेना.

मी खाली दूध घ्यायला उतरले होते. बाळासोला म्हटलं, डोळ्यावर आणि कपाळावर लहानसा मास्क घे, कडा मऊ ठेव, किंचित उजेड दे, बाकी हात लावू नकोस. त्यानं मान हलवली. त्याची मान सगळ्यांनाच हलते. मी वर आल्यावर त्यानं बटण दाबून म्हैस आणि केरबा एकदमच निवडले आणि उजेडाची पट्टी शेवटपर्यंत ओढली.

पाडव्याला सकाळी फ्लेक्स लागला. म्हैस राखेत लोळून उठल्यासारखी, कडेनं पांढरी झालर. कट्ट्यावर दूध प्यायला आलेल्या हंबीररावांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "केरबा, गाढव कवा घेतलंस?"

अख्खा कट्टा हसला. पाठोपाठ कुणीतरी म्हशीला खरूज झाल्याची शंका काढली. रोज तिथं पिणारे दोघे पलीकडच्या गवळ्याकडं वळले. मिरवणूक चारला होती. तोवर हे पेठभर झालं असतं तर त्या म्हशीला कुणी काळी म्हटलं नसतं, वर्षभर.

केरबानं फ्लेक्स फाडला आणि म्हैसच दुकानाच्या दारात आणून उभी केली. "हिच्याकडं बघ लेका. ही काळी हाय का न्हाय?"

"हाय की," बाळासो म्हणाला. "पर मामा, उजेड दिल्याबिगर माल उठून दिसत न्हाय. तुमचं तोंड बघा, कसं उठलंय."

मूळ फोटोवरच काम करून यानं तोही पुसला होता. केरबाच्या मोबाइलवरून फोटो परत मागवला. गलका ऐकून मी खाली आले होते; खुर्ची ओढून बाळासोशेजारी बसले आणि बोट दाखवत राहिले. डोळा, कपाळ, बास. पाच मिनिटं लागली. म्हैस काळी राहिली आणि तिचा डोळा चमकला.

सगळं खरं तसं ठेवायचं म्हणून, सवयीनं केरबाच्या चेहऱ्याकडं वळलेल्या बाळासोला मी थांबवलं. केरबा पुढं झाला. दारातल्या म्हशीवरची त्याची नजर पहिल्यांदाच हलली.

"काकू, म्हस झाली न्हवं? माझं तोंड सकाळच्या फ्लेक्सवानीच करू द्या त्याला."

बाळासोनं विजयी मुद्रेनं पट्टी ओढली. कान विसरला.

चारच्या आत नवा फ्लेक्स लागला आणि मिरवणुकीत म्हैस नावाजली गेली. दुसऱ्या दिवशी दुकानावर नवी पाटी होती: येथे म्हशींचे फोटो ओरिजिनल रंगात करून मिळतील.