पंखा वर बसवला

महाडात विजेची कुठलीही वस्तू खाली लावायची नसते. मीटर, पाण्याची मोटर, फ्रिजचं बटण, सगळं पुराच्या रेघेच्या वर. पाणी ओसरलं की भिंतीवर मातकट रेघ राहते, आणि नंतर रंग दिला तरी ती कुठे होती हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. म्हणून दादासाठी पंखा लावायची वेळ आली तेव्हा मी जास्त विचार केलाच नाही. शिडी लावली आणि छताला लागून भोक पाडलं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मुंबईत वीस वर्षं गाड्यांना स्प्रेने रंग मारत होता. तिथलं गॅरेज बंद पडलं तसा घरी आला आणि घराला लागून असलेल्या गाडीच्या खोलीत काम सुरू केलं. वरंध, पाचाडची जीपवाली मंडळी त्याच्याकडेच यायची. त्याने रंगवलेला ओरखडा पुढे गाडीच्या मालकालाही सापडत नसे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरात शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे, आणि तो मी सहजासहजी सोडत नाही.

खोलीला एक शटर, एक खिडकी. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दादा दोन्ही लावून घ्यायचा आणि तोंडाला रुमाल बांधायचा. थिनरचा वास पार स्वयंपाकघरात यायचा. वहिनीने कटकट सुरू केली तेव्हा मी एक्झॉस्ट पंखा आणला. हवा आत यायला समोरच्या भिंतीत झरोका पाडला, त्याला बारीक जाळी मारली. मग खोलीच्या मधोमध अगरबत्ती पेटवून सगळ्यांना बोलावलं. धूर सरळ वर गेला आणि पंख्यातून बाहेर पडला. मी वर्गात देतो तसं पाच मिनिटांचं व्याख्यानही दिलं. दादा कौतुकाने ऐकत होता.

अगरबत्तीचा धूर गरम असतो, म्हणून वर जातो. थिनरची वाफ गरम नसते आणि हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. घनतेचा धडा मी दरवर्षी शिकवतो, तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही. त्यातून पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून शटरखाली आम्ही सिमेंटचा उंचवटा घातला होता, गाडी चढेल एवढा उतार देऊन. त्या उंचवट्याने पूर कधी अडला नाही. वाफ तेवढी अडली. आणि गाडीच्या दाराचा खालचा पत्रा रंगवायला दादा त्याच वाफेत तासन्‌तास उकिडवा बसायचा.

हे मला चार वर्षांनी कळलं. तोवर दादाचा खोकला जुना झाला होता. उमरठला मामाच्या घराची चढण तो तीन ठिकाणी बसून चढला, तेव्हा मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं खराब झाली आहेत, जेवढी गेली तेवढी परत येणार नाहीत. खोलीत हवेची काय सोय होती, असं त्यांनी विचारलं.

"पंखा हाय ना," दादा दम खात म्हणाला. "माज्या भावानं बसवलाय. मास्तर हाय तो."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

काम बंद झालं. अर्धी राहिलेली एक गाडी न्यायला तिचा मालक आला. तो इथल्याच एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होता. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "पंखा तिकडे कशाला लावलात? गुडघ्याएवढ्या उंचीवर हवा. थिनरची वाफ खाली बसते." एवढं सांगून तो गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी, असंही म्हणालो.

"माहीत हाय रे मला," तो म्हणाला. "उभा रायलो का वास कमी, खाली बसलो का डोळ्यांतनं पानी. चार दिवसांत कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो व्हतो की. तू म्हनालास, दादा, तू रंगाचं बघ, हवेचं मला कळतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तू शिकलेला. तुला बरूबर ठावं असंल."

दादा खोटं बोलत नाही, आणि वाक्य तर माझंच आहे, मी असाच बोलतो. पण किती आठवून पाहिलं तरी ते मला आठवत नाही. ज्या बोलण्याने त्याची फुफ्फुसं गेली, ते मी इतक्या सहज बोलून गेलो होतो.